बाविसातून एक

काकाचा जबडा दुखत होता त्या सकाळी.
झेफेरिनो म्हणाला, दाढ असेल.
डावा हात जड झाला तर म्हणाला,
जूनमध्ये बुचाच्या झाडांची साल उतरवायची,
दिवसभर कुऱ्हाड चालवायची,
तर हात काय गाणी म्हणेल?
घाम आला. ऊन होतंच.
आलेंतेझूत प्रत्येक गोष्टीला ऊन हे उत्तर असतं.
दुपारी नुकत्याच सोललेल्या
तांबूस, ओल्या खोडाला टेकून बसला
आणि उठला नाही.
बावन्न वर्षांचा. जन्मात डॉक्टरची पायरी चढला नाही,
हे आम्ही त्याला पोचवायला जाताना
कौतुकानं सांगत होतो.

ओंदिना नर्स दर गुरुवारी यायची.
कॅफेत डॉमिनोच्या टेबलाशेजारी
रक्तदाबाचं यंत्र मांडून बसायची.
पुरुष तिला कॉफी पाजायचे,
दंड मात्र पुढे करायचे नाहीत.
"आम्हाला कुठं काय होतंय?"
"तेच तर," ती म्हणायची,
"काहीच होत नाही. होईपर्यंत."

एका पहाटे ती थेट भट्टीपाशी आली.
बेल्मिरो, माझी पत्रकं उंबऱ्यावरच अडतात,
तुझा पाव घराघरात जेवायला बसतो.
किलोभर पिठाला मीठ किती?
बावीस ग्रॅम, बाबा म्हणाले. आजोबांपासून.
ती पुढे बोलली नाही.
भिंतीवर काकाचा फोटो होता,
पिठानं धुरकटलेला.

त्या आठवड्यात बाबांनी बाविसातून एक काढला.
महिन्यानं आणखी एक.
तराजू माझ्याकडे, म्हणून मला कळलं;
गावापुढे त्यांनी मिठाची गुळणी धरली.
खाल्ल्या मिठाला जागावं म्हणतात.
आम्ही विकलेल्या मिठाला जागत होतो,
रात्री अडीच वाजल्यापासून.

एकोणीसपर्यंत कुणाला पत्ता नाही.
अठराला एतेल्विनाबाईंनी पाव हुंगला.
"पीठ बदललंस?"
"विहिरीचं पाणी उतरलंय," बाबा.
सतराला गावानं निकाल दिला:
बेल्मिरोचं बायकोशी बिनसलंय.
नावडतीचं मीठ अळणी, तिथंही.
आईनं तर पीठ कधी मळलंच नव्हतं,
ती गल्ल्यावर बसायची.
त्या महिन्यापासून लिपस्टिक लावून बसू लागली.

चौदापर्यंत आलो.
तोवर गावाची जीभ विसरली होती.
एतेल्विनाबाई सोडून; त्या पावावर
चिमूटभर वरून भुरभुरवायच्या,
आमच्याकडे बघत.

आणि बाबा?
सगळ्यांचं मीठ मोजणारा माणूस
भट्टीच्या दाराशी सिगारेट ओढायचा,
वाडगाभर खारे ऑलिव्ह संपवायचा.
एका बुधवारी पोतं उचलता उचलता थांबले.
खाली ठेवलं. जबड्यावरून हात फिरवला.
"काय झालं?"
"काही नाही गं," ते म्हणाले, "दाढ असेल."

मी गुरुवारची वाट पाहिली नाही.
ओंदिनाच्या घराचं दार इतकं वाजवलं
की शेजारची कुत्री उठली.
ती यंत्र घेऊन निघाली तेव्हा बाबा कॅफेत पाव पोचवत होते,
तिथंच त्यांना बसवलं.
पिठानं माखलेल्या दंडावर पट्टा आवळला.
वरचा आकडा एकशे शहाऐंशी.
डॉमिनोच्या सोंगट्या थांबल्या.
आकड्यापेक्षा जबड्याचं ऐकून ती जास्त गप्प झाली,
मग तिनं एव्होराच्या हॉस्पिटलला फोन लावला.
अँब्युलन्समध्ये आई चढली. मी नाही;
भट्टी पेटलेली होती.

ओंदिनानं पट्टा पुसला नाही.
विसरली, की मुद्दाम, तिनं कधी सांगितलं नाही.
एकेक जण उठून खुर्चीत बसत गेला,
आणि दुपारी चौकात
म्हाताऱ्यांच्या काळ्या बाह्यांवर
माझ्या बाबांच्या पिठाची
पांढरी वळी फिरत होती.

दुसऱ्या पहाटे तराजूपाशी मी एकटी.
चौदा तोललं.
फोन वाजला.
हातातली चिमूट तशीच धरून
मी ऐकत राहिले: आई म्हणत होती,
शुद्धीवर आलेत, कुरकुर करतायत,
म्हणतायत, इथलं सूप अगदी अळणी आहे.